अंगठ्याखालचा आकडा

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बस डेपोच्या स्टोअरमध्ये, तेराव्या रॅकच्या तिसऱ्या फळीवरल्या एका पत्र्याच्या डब्याच्या लेबलवर त्याने अंगठा ठेवला, झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि आतल्या वस्तूचं नाव आलं नाही. वस्तू होज क्लिप होती. रबरी पाइप जिथे इंजिनाला जोडतात तिथे करकचून आवळायची पत्र्याची गोल पट्टी, कडेला एक स्क्रू. ती कुठे बसते, स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की आवळते, कुठल्या जुन्या गाड्यांना मोठ्या मापाची लागते, हे सगळं त्याच्यासमोर हजर होतं. फक्त नावाची जागा रिकामी होती, आणि पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं मन तिथेच जाऊन चाचपत होतं. खिडकीपलीकडे मिस्त्री उभा होता. त्याने नेहमीप्रमाणे काही न बोलता दोन बोटांचं कडं करून दाखवलं होतं, कारण एकोणतीस वर्षांत दोघांमध्ये एवढं पुरायचं. आज पुरलं नाही. "काय स्टोअर," मिस्त्री ओरडला, "डब्यात तोंड घालून डुलकी काढताय की काय? एक होज क्लिप मागितलीय, घराण्यातला दागिना नाही." त्याबरोबर नाव आलं. पण ते बाहेरून आलं होतं, आणि बाहेरून आलेला माल स्वतःचा शिल्लक माल म्हणून दाखवता येत नाही, हे डेपोत त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

त्याला सगळे स्टोअरच म्हणायचे. नोकरीला लागला तेव्हा स्टोअरवाले, मग आळसाने स्टोअर. आठ-दहा डबे रोज सकाळी असे अंगठा ठेवून उघडायचे, हा त्याचा गेल्या चौदा महिन्यांचा नेम होता. मिस्त्रीला तो ठाऊक होता, पण त्यावर त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. तसा तो कशावरही बोलणारा माणूस. एवढ्या एका गोष्टीवर गप्प राहायचा, आणि त्याबद्दल स्टोअरला मनातल्या मनात त्याचे आभार मानायची सवय लागली होती. क्लिप खिडकीतून सरकवली, चिठ्ठीवर नाव लिहिलं. अक्षर नीट आलं. मग तो स्टुलावर बसला आणि आपल्या तळहाताकडे पाहत राहिला, जणू तिथून काहीतरी सांडलं होतं.

पहिल्या वेळी त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा वायपरचं नाव गेलं होतं. मिस्त्रीने हात हवेत इकडून तिकडे हलवला, याने वायपर काढून दिला, आणि चिठ्ठीवर लिहिताना पेन थांबलं. वय झालं, असं स्वतःशी म्हणून त्याने नावाऐवजी मालाचा नंबर लिहिला. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन नावं गेली, त्यांचेही नंबर लिहिले. चार महिने तो नंबरांवर जगला. नंबर कधी दगा देत नव्हते. त्या चार महिन्यांच्या चिठ्ठ्या ऑडिटवाल्याने पाहिल्या आणि म्हणाला, "वा, सगळ्यांनी असंच कोरडं लिहावं." घरी मात्र नंबर चालेनात. जेवताना तो म्हणायचा, "अगं, ते दे." बायको विचारायची, "ते म्हणजे काय?" तो वाटीकडे बोट दाखवायचा. एके दिवशी तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाली, "सगळ्याच नवऱ्यांना 'ते' लागतं. तुम्हाला कधी लागत नव्हतं. उद्या रजा टाका." त्यावर तो चिडला होता. आता वाटायचं, त्या वाक्याला चौकट करून भिंतीवर लावायला हवं होतं. तिने 'उद्या' म्हटलं, 'बघू' म्हटलं नाही.

डाव्या कानाच्या वर, आत, गाठ निघाली. सर्जन तरुण नव्हता, म्हातारा नव्हता, आणि त्याला गोड बोलता येत नव्हतं. फिल्म दिव्यावर लावून तो म्हणाला, "हळू वाढणारी आहे, पण वाढणारी आहे. जितकी जास्त निघेल तितकी वर्षं जास्त. पण ती जिथे बसलीय तिथूनच तुमचे शब्द ये-जा करतात. म्हणून तुम्हाला जागं ठेवून काढायची. मी विजेची बारीक टोचणी देत जाईन, तुम्ही चित्रं पाहून नावं सांगत जायची. नाव अडकलं, तर तिथे हात लावायचा नाही. आलं, तर ती जागा मोकळी, तिथलं काढायचं." बायकोने विचारलं, "दुखेल का हो?" सर्जन म्हणाला, "कातडीला भूल असते. मेंदूला स्वतःला दुखत नाही." बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सगळ्या अंगाला दुखतं ते त्यालाच कळतं, आणि त्याला स्वतःला नाही. हा कुठला न्याय?" तो हसला. फिल्म पाहिल्यापासूनचं ते पहिलं हसू.

चित्रांची जबाबदारी एका बाईंकडे होती. बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. तो त्यांना बाईच म्हणायचा, शाळेतल्यासारखं. बाई त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. कॉम्प्युटरवर तयार चित्रं होती, पण त्यात कोणी कधी न पाहिलेले प्राणी आणि वाद्यं होती, म्हणून बाईंनी स्वतःच्या हाताने एकशेवीस कार्डं काढली होती. छत्री, शिडी, कात्री, घंटा. प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा, म्हणजे नोंद करायला सोपं. "आधी 'हे आहे' म्हणायचं, मग नाव," बाई म्हणाल्या. "म्हणजे तोंड अडलंय की नाव अडलंय ते आम्हाला कळतं." पहिल्या दिवशी एकशेवीसपैकी अठरा जमली नाहीत. बाईंनी यादी केली, अठरा कार्डांना रबरबँड लावलं आणि वेगळी ठेवली. "यांची काळजी करू नका, ही उद्या ऑपरेशनमध्ये वापरायची नाहीत." त्या सहज बोलल्या. पण वेगळं काढून रबरबँड लावलेला माल कुठे जातो, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. तो भंगारात जातो. दुपारी तो म्हणाला, "बाई, जरा बघायला ठेवता का ती कार्डं?" बाईंना दया आली असावी. त्यांनी सगळा गठ्ठा, ती अठरासुद्धा, त्याच्या खाटेवर ठेवला आणि जेवायला गेल्या.

दीड तास मिळाला. दीड तासात एकशेवीस मालांची जागा पाठ करणं ही त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट नव्हती. चित्राकडून नावाकडे जाणारा रस्ता खचत चालला होता, पण आकड्याकडून नावाकडे जाणारा त्याचा रस्ता एकोणतीस वर्षं डांबर पडत आलेला होता. एक छत्री, दोन शिडी, सत्तेचाळीस कंगवा, एकशे नऊ कुलूप. अडलेलं नाव बायको सांगायची. ती शेजारी बसून गंमत पाहत होती. "लग्न झाल्यापासून मला नावाने हाक मारली नाहीत आणि कंगव्याचं नाव पाठ करताय?" दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कार्डं पिसून पुन्हा दाखवली. एकशेवीसच्या एकशेवीस. बाईंचे डोळे चमकले. "कालपेक्षा कितीतरी छान!" रबरबँड निघालं, अठरा कार्डं गठ्ठ्यात परत गेली. पास झालेल्या मुलासारखा तो स्ट्रेचरवर आडवा झाला. आपण काय करून बसलोय याची त्याला तोवर कल्पनाही नव्हती. फसवायचं कोणालाच नव्हतं. भंगारात जायचं नव्हतं, एवढंच.

त्या खोलीची भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण डोकं पकडीत घट्ट बसल्यावर, ड्रिलचा आवाज सुरू झाल्यावर, उलट ओळखीचं वाटलं. वर्कशॉपच ते. निळ्या कापडाचा तंबू होता, तंबूच्या उघड्या बाजूला बाई खुर्चीवर, आणि मनगटावर भूलतज्ज्ञाचा उबदार हात. सर्जन मागे, म्हणजे फक्त आवाज. आणि त्या आवाजाला हत्यारं देणारी एक नर्स, तीही दिसत नव्हती. सर्जन पुष्कळदा हत्याराचं नाव घ्यायचाच नाही. नुसता खळ्ळ असा आवाज व्हायचा आणि वस्तू हातात पडलेली असायची. त्याला वाटलं, हिच्या खिडकीपलीकडेही एक मिस्त्री आहे. न मागता देणाऱ्या त्या न पाहिलेल्या हाताबद्दल त्याला इतकं बरं वाटलं, की तो मोठ्याने म्हणाला, "सिस्टर, फार छान स्टोअर चालवता." मागून हसू आलं. सर्जन म्हणाला, "बडबड चालू आहे, म्हणजे छान. बाई, सुरू करा."

हे आहे छत्री. हे आहे घंटा. हे आहे कुलूप. बाई कार्ड बदलत होत्या, मागे टोचणीचं यंत्र बारीक टिकटिकत होतं, सर्जन अधूनमधून म्हणत होता, "मोकळं. पुढे." किती वेळ गेला कोण जाणे. मग एक कार्ड आलं. त्यावर एक वस्तू होती. तिला एका बाजूला दात होते. ती खायची की घालायची, दाराला लावायची की मातीत खुपसायची, त्याला काही म्हणजे काही कळेना. कोपऱ्यात सत्तेचाळीस होतं. तोंड म्हणालं, "हे आहे कंगवा." बाई म्हणाल्या, "छान." मागचा आवाज म्हणाला, "मोकळं."

मोकळं म्हणजे तिथलं काढायचं. त्या एका क्षणात त्याला ब्रेकचा डबा आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. घाईच्या वेळी लेबलवरचा नंबर पाहून त्याने एक डबा तसाच खिडकीतून सरकवला होता. मिस्त्रीने तो तिथेच उघडला, आतली वस्तू वर धरली, आणि एरवी घशाच्या शिरा ताणून बोलणारा तो माणूस हळू आवाजात म्हणाला होता, "डबा काय म्हणतो ते नको मला. आत काय आहे ते बघून देत जा. ही लावून गाडी उतारावर गेली असती." कोणीतरी चुकीच्या डब्यात भलताच पार्ट टाकला होता. तेव्हापासून त्याने न उघडता एकही डबा दिला नव्हता. आणि आज, स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत, तो नुसती लेबलं वाचत बसला होता. गप्प राहिला असता तर काय झालं असतं? गाठ जास्त निघाली असती. वर्षं वाढली असती. मागच्या माणसाला आनंद झाला असता. कोणाला काही कळलं नसतं, कदाचित त्यालाही नाही, कारण ज्याला नाव उरत नाही ते गेलं हे सांगायचं तरी कुठल्या शब्दात? "बाई," तो म्हणाला, "थांबा. सरांना थांबायला सांगा."

"दुखतंय का?"

"नाही. मला चित्र नाही कळलं. मी नंबर वाचला."

टिकटिक थांबली. "कसला नंबर?" मागचा आवाज म्हणाला. बाईंनी कार्ड आपल्याकडे वळवलं, कोपरा पाहिला, आणि मास्कच्या कडेला त्यांचे कान लाल झालेले त्याला दिसले. "कोपऱ्यातला," तो म्हणाला. "काल दुपारी पाठ केले. सगळे. चूक माझी आहे, बाईंची नाही." भूलतज्ज्ञाचा हात मनगटावर होता तसाच राहिला, घट्ट झाला नाही, सुटला नाही. मग सर्जन अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बाई, पहिल्या दिवसाची यादी आहे ना? त्यात जमलेलीच घ्या फक्त. मी परत मागे येतो, सगळ्या जागा पुन्हा तपासू." बाईंनी अठरा कार्डं शोधून बाहेर काढली. मग त्यांनी कंगव्याचं कार्ड पुन्हा धरलं, या वेळी कोपऱ्यावर अंगठा ठेवून. नख कापलेलं, शाईचा डाग असलेला तो साधा अंगठा त्याला पुढे कितीतरी महिने दिसत राहणार होता.

"हे आहे," तो म्हणाला. "हे आहे. हे आहे डोक्याचं." डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहायला लागलं. यंत्र थांबलं, आणि थांबल्याबरोबर, पाणी तुंबलेल्या नळातून यावं तसं नाव आलं. कंगवा! बाई ओरडल्याच, "आला, कंगवा आला." सर्जनने तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा टोचणीबरोबर गेलं आणि टोचणी उचलल्यावर आलं. "इथे हात लावायचा नाही," तो म्हणाला. त्या भागात आणखी एक जागा तशीच निघाली. त्या दोन जागांमागे गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा होता. तो तिथेच राहिला.

शेवटी बाईंनी बायकोचा फोटो दाखवला. "ही कोण?" तो म्हणाला, "ही आमची ही." बाई घाबरल्या. "नाव सांगा ना, नाव." तो म्हणाला, "नाव कशाला घेऊ? ती काय परकी आहे?" तंबूच्या मागे पाच-सहा माणसं एकदम हसली. सर्जन म्हणाला, "हे अडकणं आमच्या विषयातलं नाही." मग त्याने नाव घेतलं, स्पष्ट, दोनदा. बायकोला दुसऱ्या दिवशी हे कळलं तेव्हा ती लाजली की रागावली हे त्याला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. "एवढ्या लोकांसमोर?" ती म्हणाली. "आणि मी नेमकी बाहेर बाकावर!"

चौथ्या दिवशी सर्जन खाटेशी आला, आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसला. "चित्राकडून नावाकडे जाण्याची वाट वेगळी, आकड्याकडून जाण्याची वेगळी," तो म्हणाला. "तुमची दुसरी वाट मी आजवर कोणात पाहिली नाही एवढी पक्की आहे. तुम्ही बोलला नसता तर मी तो तुकडा काढला असता आणि खुशीत घरी गेलो असतो. तुम्हाला उठून बायकोकडे कंगवा कधी मागता आला नसता." थोडं थांबून म्हणाला, "अशा जागांवर आम्ही खुणेला नंबराच्या चिठ्ठ्या ठेवतो. कागदाच्या, एवढ्याएवढ्याशा. तुमच्या मेंदूवर दोन लेबलं होती काही वेळ." ते त्याला फार आवडलं. कितीतरी दिवस तो येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत होता. बाई संध्याकाळी आल्या. त्यांनी सगळ्या कार्डांचे कोपरे कात्रीने उडवले होते. "अकरा वर्षं वापरतेय," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत कोणी पाठ केले नव्हते. की केले असतील आणि बोलले नसतील?" हे त्या त्याला विचारत नव्हत्या. मग त्यांनी कंगव्याचं कार्ड त्याच्या हातात दिलं. "मी दुसरं काढीन. हे तुमचं." ते कार्ड, एक कोपरा तिरका कापलेलं, आता स्टोअरच्या टेबलाच्या खणात होतं, शिक्क्यांच्या पेटीखाली.

होज क्लिपच्या त्या सोमवारी त्याने तो खण उघडला. कार्ड पाहिलं. कंगवा. लगेच. पण कंगवा चालणार नव्हता, त्याचं कार्डही आता पाठच झालं होतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. हरभऱ्याएवढा तुकडा दर चार महिन्यांनी फिल्ममध्ये हरभऱ्याएवढाच दिसत होता, आणि पुढची तपासणी अजून सात आठवड्यांवर होती. सात आठवडे नंबर लिहून सहज काढता आले असते. त्याला ती सवय होती, हात तिकडे वळायलाही लागला होता. त्याने फोन उचलला. बाईंनी दुसऱ्या घंटीला घेतला. सांगताना त्याला वाटलं, आपण उगाच कांगावा करतोय. पण बाईंनी "काही नसेल हो" असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "नाव आपोआप आलं की कोणी सांगितल्यावर?" या प्रश्नासाठी त्याला त्यांचे पाय धरावेसे वाटले. जगात इतक्या माणसांनी आजवर त्याला कसे आहात असं विचारलं होतं, पण नेमकं हे विचारणारी एकच होती. "सांगितल्यावर," तो म्हणाला. "मिस्त्री बोलला." पलीकडे पेनाचा आवाज झाला. "बुधवारी सकाळी फिल्म काढून घेऊ. मी सरांशी बोलते. आणि, तुम्ही लगेच फोन केलात ते फार बरं केलंत." घरी त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, "कधी झालं?" "आज, दहा वीसला." ती म्हणाली, "आजचंच आज सांगितलंत." आणि देठ तोडत राहिली. बोटं भराभर चालली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मागच्या वेळी चार महिने मला वाट पाहायला लावलीत. सुधारलात."

बुधवारी फिल्म निघाली. यंत्राच्या नळीत आडवं पडून ती ठोकाठोक ऐकताना त्याला मिस्त्रीची आठवण आली. मग त्या न पाहिलेल्या नर्सची, मनगटावरच्या हाताची, शाईच्या डागाची. गाठ घेऊन फिरणाऱ्या माणसाने देणेकऱ्यासारखं दबून राहावं असं त्याला वाटायचं, पण आता तसं वाटत नव्हतं. उलट आपल्या डोक्याभोवती एवढी माणसं डबे उघडून उघडून बघत उभी आहेत, या विचाराने त्याला श्रीमंत वाटत होतं. भीती होतीच. ती शेजारच्या खाटेवरच्या पेशंटसारखी पडून होती, बोलत नव्हती, झोपतही नव्हती.

गुरुवारी सकाळी साडेनऊला सर्जनचा फोन आला. "फिल्म पाहिली," तो म्हणाला. "एका कडेला मला पुन्हा एकदा नीट पाहायचंय. जुन्या फिल्मशेजारी लावून. उद्या साडेअकराला या. दोघंही या." वाईट आहे का, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर सर्जनने सांगितलं असतं की अजून ठरलेलं नाही, आणि ते खरंच असतं. "येतो," तो म्हणाला. "आणि सर, ऑपरेशनच्या दिवशी थांबून परत मागे आलात, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिलेत." "ते तुमच्यामुळे," सर्जन म्हणाला. "उद्या या."

मंगळवारी त्या डब्याचं नाव लगेच आलं होतं. बुधवारी तो डेपोत नव्हता. गुरुवारी मिस्त्री खिडकीशी आला तेव्हा दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. त्याने तेच दोन बोटांचं कडं करून दाखवलं. स्टोअर तेराव्या रॅकपाशी गेला, तिसऱ्या फळीवरला डबा काढून त्याने टेबलावर ठेवला, लेबलवर अंगठा ठेवला आणि झाकण उघडलं. आत ती होती, एकावर एक, चकचकीत, गोल. मिस्त्रीने कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकलं. त्याच्या मागे दोन फिटर येऊन उभे राहिले. त्यातल्या एकाने काही बोलायला तोंड उघडलं, तशी मिस्त्रीने मागे न पाहताच हात वर केला. दुरुस्तीच्या पिटावर गाडी बॉनेट उघडून उभी होती, आणि तिची सुटायची वेळ दहा पस्तीसची होती. दहा वाजून एकवीस मिनिटांनी अंगठा अजून लेबलवर होता, आणि खिडकीपलीकडे तिघंही गप्प उभे होते.